इमर्जन्सी आणि आयसीयूचं फुकट ऑनलाइन शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅज्युअल्टीत नवे रुजू झालेले आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), इंटर्न, १०८ वरचे डॉक्टर आणि आयसीयूतल्या सिस्टर्स यांच्याकडून हे प्रश्न मला गेली काही वर्षं येताहेत. बहुतेक रात्री दोननंतर, चहाच्या वेळेला. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलंय.

सगळे 'फोम', 'फोम' म्हणतात ते काय आहे?

फ्री ओपन ॲक्सेस मेडिकल एज्युकेशन. आद्याक्षरं जोडली की फोम. जून २०१२ मध्ये डब्लिनला इमर्जन्सी मेडिसिनची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथल्या एका पबमध्ये गिनेस बिअरच्या ग्लासवरचा फेस बघून ऑस्ट्रेलियातले इमर्जन्सी डॉक्टर माइक कॅडोगन यांना हे नाव सुचलं. बारसं फेसावर झालं, पण बाळ आधीच जन्मलेलं होतं. कॅडोगन आणि ख्रिस निक्सन यांचं 'लाइफ इन द फास्ट लेन' तेव्हा चालू होतं. न्यूयॉर्कच्या स्कॉट वाइनगार्ट यांचं 'ईएमक्रिट' आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशेल लिन यांचं 'एलियम' ही दोन्ही २००९ पासूनची. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, सिडनीला याच मंडळींनी 'स्मॅक' नावाची परिषद भरवली आणि तिथली भाषणं नंतर जगाला फुकट ऐकायला ठेवली.

ही एक साइट नाही, संस्थाही नाही. ब्लॉग, पॉडकास्ट, व्हिडिओ, ईसीजीचे संग्रह, कॅल्क्युलेटर, जे जे पैसे न भरता, लॉगिनच्या भानगडीशिवाय किंवा साध्या नोंदणीवर उघडतं, ते सगळं फोम.

एवढं सगळं फुकट देऊन यांना काय मिळतं?

बहुतेकांना नाव मिळतं आणि शिकवल्याचं समाधान. काही साइट्सवर जाहिराती असतात. काहींनी मजकूर उघडा ठेवून डॉक्टरांना मिळवाव्या लागणाऱ्या क्रेडिट पॉइंट्ससाठी वेगळी वर्गणी ठेवली आहे, ईएमक्रिट त्यातलंच. वाचायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राला लागतात. हिशेब सरळ आहे. वाचताना एकच बघायचं: खाली 'हितसंबंध' या मथळ्याखाली काय लिहिलंय. एखाद्या यंत्राचं फार कौतुक दिसलं तर तो मजकूर आधी वाचावा.

मी इंटर्न आहे. कुठून सुरुवात करू?

ब्लॉगपासून करू नका. हे ऐकून पोरांचे चेहरे पडतात, पण ब्लॉग हे लोणचं आहे. आधी ताटात भात हवा. ब्लॉग लिहिणारे लोक पंधरा-वीस वर्षं इमर्जन्सीत घासलेले असतात आणि आपापसात वाद घालत असतात. त्या वादाच्या मधूनच तुम्ही आत शिरलात तर शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला असताना) नॉरॲड, म्हणजे नॉरॲड्रेनालिन, किती लवकर सुरू करावं यावर तासभर बोलाल, आणि साधी हायपोग्लायसेमिया तपासायची विसराल. हे मी पाहिलेलं आहे. त्या रात्री साखर ३४ होती आणि ग्लुकोमीटर दोन हातांवर पडलेला होता.

सुरुवातीला डब्ल्यूएचओ आणि रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं मिळून २०१८ साली काढलेली 'बेसिक इमर्जन्सी केअर' ही वर्कबुक घ्या. पीडीएफ फुकट आहे. ए-बी-सी-डी-ई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, अंग उघडून तपासणी), पेशंटची हिस्टरी कशी घ्यायची, आणि मग चार प्रकरणं: जखमी पेशंट, दम लागलेला पेशंट, शॉकमधला पेशंट, शुद्ध हरपत चाललेला पेशंट. बस. सीटी स्कॅन नाही, लॅब जेमतेम, अशा जागेसाठीच ती लिहिली आहे. म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या रात्रपाळीसाठीच लिहिल्यासारखी.

त्यानंतर 'ईएम क्लर्कशिप' हा पॉडकास्ट. विद्यार्थ्यांसाठीच केलेला, एका भागात एकच तक्रार: छातीत दुखणं, पोटात दुखणं, चक्कर. बसमध्ये एक भाग ऐकून होतो. लहान मुलांसाठी 'डोन्ट फरगेट द बबल्स'. एखादा आजार मुळापासून वाचायचा असेल तर अमेरिकन सरकारी ग्रंथालयाच्या बुकशेल्फवर 'स्टॅटपर्ल्स' आहे. तिथला मजकूर सुबक नसतो, पण उघडा असतो आणि संदर्भ दिलेले असतात.

मी १०८ वर आहे, बीएएमएस. यातलं मला काय उपयोगाचं?

जवळजवळ सगळं, आणि तुम्हालाच सगळ्यात जास्त. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिकांवर सुरू झाली. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड, बाकीच्या बेसिक. गाडीत डॉक्टर असतो हे आपल्याकडचं वेगळेपण, आणि तो डॉक्टर बऱ्याचदा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. कॉलेजात इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) शिकवलेलं नाही आणि गाडीत त्यासाठीचा लॅरिंगोस्कोप ठेवलाय, ही तुमची अडचण कोणत्याही परदेशी साइटला ठाऊक नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. वर सांगितलेली वर्कबुक पहिली. मग बॅग-मास्क व्हेंटिलेशनचे व्हिडिओ. दोन हातांनी मास्क धरणं आणि दुसऱ्यानं बॅग दाबणं एवढं एक तंत्र नीट बसलं, तरी इंट्युबेशनचे दहा व्हिडिओ बघितल्यापेक्षा जास्त पेशंट जिवंत पोचतील. मग ईसीजी. मग प्रसूती आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, कारण घाटात गाडी थांबवून बाळंतपण करायची वेळ तुमच्यावरच येते, मँचेस्टरच्या डॉक्टरवर नाही.

कायद्यानं आणि तुमच्या सेवेच्या नियमांनी काय करायची मुभा आहे ते मात्र आधी बघून ठेवा. व्हिडिओ बघून आलेलं कौशल्य ही परवानगी नव्हे.

ईसीजी शिकायला सगळ्यात चांगलं काय?

लाइफ इन द फास्ट लेनची ईसीजी लायब्ररी. प्रत्येक विकाराचं वेगळं पान, खरे ईसीजी, खाली कारणमीमांसा, आणि सरावासाठी शंभराहून जास्त केसेस. दुसरं नाव मिनिआपोलिसच्या डॉक्टर स्मिथ यांच्या ईसीजी ब्लॉगचं. तो जरा अवघड आहे, पण एक गोष्ट तो माणसाच्या डोक्यात ठोकून बसवतो: ईसीजीतला एसटीचा भाग वर उचलला नाही म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी आहे असं नाही. डी विंटर, वेलन्स, पोस्टीरिअर इन्फार्क्ट, हे हार्ट ॲटॅकचे फसवे नमुने तिथं इतक्या वेळा समोर येतात की पुढे कागद हातात आला की डोळा आपोआप तिकडे जातो.

पद्धत सांगतो. उत्तर झाका, कागदावर पाच ओळी लिहा, मग उघडा. रोज एक. मोबाइलवर नुसतं सरकवत गेलं की सगळं कळल्यासारखं वाटतं आणि कॅज्युअल्टीत हातात कागद आल्यावर काही आठवत नाही.

आयसीयू आणि व्हेंटिलेटर?

वाचायला तीन ठिकाणं. जॉश फार्कस यांचं 'इंटरनेट बुक ऑफ क्रिटिकल केअर': एकेका आजाराची मुद्देसूद प्रकरणं, पेशंटच्या उशाशी उभं राहून वाचता येतील अशी. अ‍ॅलेक्स यार्त्सेव्ह यांचं 'डिरेंज्ड फिजिऑलॉजी': ऑस्ट्रेलियातल्या इंटेन्सिव्ह केअर परीक्षेच्या तयारीतून वाढत गेलेलं, खोल, आणि मधूनच खट्याळ. तिसरं 'द बॉटम लाइन': आयसीयूतल्या गाजलेल्या ट्रायल्स दोन पानांत उलगडून ठेवल्या आहेत. व्हेंटिलेटरच्या अगदी पहिल्या पायरीसाठी वाइनगार्ट यांची जुनी व्याख्यानं अजूनही उत्तम.

वाचलेलं बेडपाशी कसं आणायचं याचं एक उदाहरण देतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एआरडीएसमध्ये (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होतात तेव्हा) टायडल व्हॉल्यूम, म्हणजे व्हेंटिलेटरनं एका श्वासात द्यायची हवा, किलोला ६ मिली, हे सगळ्यांना पाठ असतं. २००० साली आलेल्या एआरडीएस नेटवर्कच्या ट्रायलमध्ये ८६१ पेशंट होते. १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. पण किलो कुठला? वजनकाट्यावरचा नव्हे. उंचीवरून काढलेला. समोर एक बाई आहे, उंची १५० सेंटीमीटर, वजन ७८ किलो. काट्यावरचं वजन घेतलंत तर ४६८ मिली येतं. सूत्र असं: बाईसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (सेंटीमीटरमधली उंची वजा १५२.४). म्हणजे साधारण ४३ किलो. सहानं गुणा: २६० मिली. दोन आकड्यांमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक. पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०, बाकी सूत्र तेच.

आता आयसीयूत उंची मोजायला टेप कुठे असते? नसते. नातेवाईक सांगतात 'असेल पाच फूट'. मी शिंप्याची टेप घेऊन मॉनिटरखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. दोनदा हरवली, तिसरी सिस्टरांनी दोऱ्यानं बांधून ठेवली. कुठल्याही पॉडकास्टमध्ये हे सांगत नाहीत, पण त्या टेपशिवाय ती ट्रायल पाठ असून काही उपयोग नाही.

परदेशी साइट्सवर साप, विंचू, फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट सापडत नाहीत. मग आम्ही काय वाचायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि तो विचारला जातो सगळ्यात कमी.

सापडत नाहीत असं नाही. सापडतात, पण त्यांच्या सापांसकट. ऑस्ट्रेलियन साइटवर साप चावला की अख्ख्या हातापायाला घट्ट क्रेप बँडेज बांधायला सांगतात, आणि त्यांच्या सापांसाठी ते बरोबर आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसे चावलेल्या जागेचं मांस सडवतात. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत दाब देणारं बँडेज सांगितलेलं नाही. हाड मोडल्यासारखा अवयव स्थिर करा, धीर द्या, दवाखान्यात न्या, एवढंच. अमेरिकन साइटवर तर रॅटलस्नेक आणि त्याचं वेगळं अँटिव्हेनम (विषावरचा उतारा). आपलं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचं, आणि लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण साप मूल बघून विष कमी टाकत नाही.

यासाठी डब्ल्यूएचओच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाची २०१६ ची सर्पदंश मार्गदर्शिका उतरवून ठेवा. फुकट आहे. त्यातली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नीट वाचा. दोनेक मिली ताजं रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच कलती करायची. काचेची म्हणजे काचेचीच. प्लास्टिकच्या बल्बमध्ये, किंवा साबणानं धुतलेल्या नळीत, चांगलं रक्तही गोठत नाही आणि तुम्ही उगाच घाबरता. लॅबमध्ये हल्ली काचेची नळी शोधावी लागते. सापडली की दहा-बारा कॅज्युअल्टीत आणून ठेवा.

विंचवासाठी तर आपल्याला परदेशी बघायची गरजच नाही, परदेशी आपल्याकडे बघतात. महाडच्या डॉक्टर हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवला; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अँटिव्हेनम आणि प्राझोसिन दोन्ही एकत्र विरुद्ध नुसतं प्राझोसिन अशी तुलना केलेला त्यांचा २०११ चा निबंध बीएमजेच्या साइटवर फुकट वाचता येतो. रायगड जिल्ह्यातल्या दवाखान्यातून लिहिलेला निबंध लंडनच्या नियतकालिकात, आणि महाडपासून तासाभरावरच्या आरएमओला त्याचा पत्ता नाही, असं मी अनुभवलंय.

आणि फवारणीचं औषध. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेवरचं सगळ्यात उपयोगी लिखाण श्रीलंकेत काम केलेल्या मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांचं आहे. लॅन्सेटमधला त्यांचा २००८ चा लेख पबमेड सेंट्रलवर उघडा आहे. त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, १.८ ते ३ मिलिग्रॅमनं सुरू करा, पाच मिनिटांनी बघा, छाती कोरडी झाली नसेल तर डोस दुप्पट. अमेरिकन व्हिडिओत हे बघताना सोपं वाटतं. आता आपलं कपाट उघडा. आपली अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवातीला तीन. पाच मिनिटांनी सहा. मग बारा. मग चोवीस. पंधरा मिनिटांत पंचेचाळीस अँप्यूल, आणि त्या फोडणारा एकच माणूस असेल तर डोस द्यायच्या आधी बोटं कापतात. म्हणून माझ्याकडे खरीप सुरू झाला की ॲट्रोपिनचा खोका मोजला जातो, आणि फोडायला दोन माणसं, भरायला एक, अशी वाटणी पेशंट येण्याआधी ठरलेली असते. फोमवर मिलिग्रॅम मिळतात. अँप्यूलचा हिशेब तुम्हालाच करावा लागतो.

तापाच्या साथींसाठी 'इंडियन जर्नल ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन' बघा. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन या संस्थेचं हे मुखपत्र पूर्णपणे उघडं आहे. डेंगी, लेप्टो, मलेरिया, स्क्रब टायफस यांच्यावरची २०१४ ची मार्गदर्शिका तिथंच आहे. पावसाळ्यात पिवळा झालेला, लघवी थांबलेला, पोटऱ्या दुखणारा पेशंट आला की अमेरिकन ब्लॉग सेप्सिसचं (जंतुसंसर्ग अंगभर भिनण्याचं) पान उघडून देतो. हे जर्नल लेप्टो आठवून देतं.

औषधांचे डोस ब्लॉगवरून थेट घेतले तर चालतील?

नाही. वरचं ॲट्रोपिनचं उदाहरण पुरेसं आहे, तरी आणखी एक. नॉरॲड्रेनालिनच्या लेबलवर आकडा बेसचा (मूळ औषधाचा) आहे की बायटार्ट्रेटचा (त्याच्या क्षाराचा), ते वाचा. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम बेस. ब्लॉगवरचा आकडा एकाचा आणि तुमच्या हातातली अँप्यूल दुसऱ्याची असेल, तर निम्मं किंवा दुप्पट औषध जातं. तुमच्या वॉर्डात जे ब्रँड येतात त्यांची डायल्यूशन एकदा बसून काढा, फार्मासिस्टकडून तपासून घ्या आणि ट्रॉलीवर चिकटवा.

ब्लॉगवर लिहिलेलं खरं की खोटं, कसं ओळखायचं?

एक गोष्ट सांगतो, ती लक्षात राहिली की पुरे. २०१७ साली अमेरिकेतल्या एका आयसीयूतून एक अभ्यास छापून आला. सेप्सिसच्या ४७ पेशंटना व्हिटॅमिन सी, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन दिलं. त्यातले ४ दगावले. आधीच्या महिन्यांतल्या, हे न दिलेल्या ४७ पेशंटपैकी १९ दगावले होते. तिन्ही औषधं स्वस्त, कुठंही मिळणारी. बातमी वणव्यासारखी पसरली. ब्लॉग, पॉडकास्ट, ट्विटर. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्याच्या आत डोस फिरला. मीही दिलं. खोटं कशाला बोलू?

फोमवरच काही लोक तेव्हाही सांगत होते की हे आधी-नंतरचं मोजमाप आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नाही, थांबा. त्यांचं कोणी ऐकलं नाही. 'नाही' म्हणणारा पॉडकास्ट ऐकायला मजा येत नाही. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधली ट्रायल आली: फायदा नाही. २०२२ मध्ये ८७२ पेशंटची 'लोव्हिट' ट्रायल आली, नुसत्या व्हिटॅमिन सीची: मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणं व्हिटॅमिन सीच्या गटात ४४.५ टक्के, दुसऱ्या गटात ३८.५. म्हणजे फायदा सोडाच, नुकसान.

उलट उदाहरणही आहे. इंट्युबेशन करताना नाकातून ऑक्सिजन चालू ठेवायची युक्ती वाइनगार्ट आणि लेव्हिटन यांनी २०१२ मध्ये मांडली आणि फोममुळेच ती जगभर पोचली. नाकातली नळी स्वस्त, धोका नगण्य, शिकायला एक मिनिट. अशी गोष्ट लवकर उचलली तर बिघडत नाही.

तेव्हा मी स्वतःला विचारतो: मूळ अभ्यासाची लिंक दिलीय का, आणि मी ती उघडली का? चुकीचं निघालं तर पेशंटला किती महागात पडेल? लिहिणारा माणूस कोण, रोज पेशंट बघतो का? मूळ ट्रायल वाचायचा कंटाळा आला तर द बॉटम लाइन आहे, आणि केन मिल्न यांचं 'स्केप्टिक्स गाइड टू इमर्जन्सी मेडिसिन' आहे. नवं संशोधन बेडपर्यंत पोचायला लागणारी दहा-बारा वर्षं एका वर्षाच्या आत आणायची असं त्यांचं ध्येय, पण पद्धत मात्र प्रत्येक दाव्यावर संशय घेण्याची. एलियमवाले निवडक लेख परीक्षकांकडून गुण देऊन तपासून घेतात. ती यादीही नवख्यांना बरी.

सोनोग्राफी फुकट शिकता येते का?

बघायला येते. 'कोअर अल्ट्रासाउंड' आणि 'पोकस ॲटलस' इथले क्लिप्स अप्रतिम आहेत. पण परदेशी व्हिडिओतला डॉक्टर खिशातून प्रोब काढतो तसा तुम्ही इथे काढू शकत नाही. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्याखाली मशीनची, जागेची आणि वापरणाऱ्याची नोंद लागते. ऑनलाइन स्वस्तात प्रोब दिसतोय म्हणून मागवायच्या भानगडीत पडू नका. नोंदणी असलेल्या विभागात, अधिकार असलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून हात बसवा.

एक्स-रे, सीटी?

रेडिओपीडिया. आणखी कुठे जायची गरज नाही.

इंग्रजी पॉडकास्ट डोक्यावरून जातात. काय करू?

वेग पाऊणपट करा, लाज कसली. ऑस्ट्रेलियन उच्चार कानाला बसायला महिना लागतो. शो नोट्स आधी वाचा, मग ऐका. बहुतेक पॉडकास्टच्या पानावर त्या असतात. आणि शिफ्ट संपल्यावर ड्रायव्हिंग करताना अवघड भाग ऐकू नका. ना रस्ता धड दिसतो ना ॲसिड-बेस कळतं.

मराठीत काही आहे का?

डॉक्टरांच्या पातळीचं, सलग, भरवशाचं असं माझ्या हाताशी लागलेलं नाही. सुटे व्हिडिओ आहेत, सीपीआरचे, सर्पदंशाचे. त्यातले काही चांगले, काहींमध्ये अजून जखमेवर चिरा द्यायला सांगतात.

पण मराठीची खरी गरज डॉक्टरला कमी आणि बाकीच्या टीमला जास्त आहे. आमच्याकडे दर गुरुवारी दुपारच्या ओव्हरलॅपमध्ये पंधरा मिनिटं एक सिस्टर एक विषय मराठीत सांगते. मागे एकीनं हायपरकॅलेमियाचा (रक्तात पोटॅशियम वाढल्याचा) ईसीजी सांगताना टी वेव्हला 'मंदिराचा कळस' म्हटलं. तेव्हापासून रात्री फोन येतो, 'सर, चार नंबरचा कळस दिसतोय.' डायलिसिसच्या पेशंटसाठी याहून चांगली सूचना मला कुठल्याच ॲपनं दिलेली नाही.

आम्ही सिस्टर्स आहोत. हे सगळं डॉक्टरांसाठीच ना?

मुळीच नाही. इन्फ्यूजन पंप, सक्शन, ट्यूब निसटल्यावरची पहिली दोन मिनिटं, प्रोन करणं (पेशंटला पालथं झोपवणं), ही सगळी कामं तुमच्या हातातली आहेत आणि त्यावर भरपूर उघडं साहित्य आहे. डब्ल्यूएचओची वर्कबुक तर मुद्दाम डॉक्टर-नर्स दोघांसाठी आहे. इंटरनेट बुकमधल्या प्रकरणांवरच्या चेकलिस्ट छापून बेडजवळ लावता येतात. मराठी टिपा जोडून लावल्या तर उत्तम.

मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळतात का?

ब्लॉग वाचून, पॉडकास्ट ऐकून मिळत नाहीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात आणि ते कौन्सिलनं मान्य केलेल्या कार्यक्रमांचेच. तसंच बीएलएस-एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांच्या प्रशिक्षणाचं) कार्ड नुसत्या ऑनलाइन वाचनावर येत नाही. मॅनिकिनवर हात चालवून दाखवावे लागतात. मार्गदर्शिका मात्र वाचायला फुकट आहेत: अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या, युरोपियन आणि ब्रिटिश रिससिटेशन कौन्सिलच्याही.

एमडी, डीएनबीच्या परीक्षेला एवढ्यावर भागेल?

भागणार नाही. फोमला थरारक विषय आवडतात: एअरवे, शॉक, अरेस्ट. कानाचा दडा, त्वचेवरचं पुरळ, मनोविकाराचा पेशंट, मेडिकोलीगल नोंदी यांच्यावर कोणी पॉडकास्ट काढत नाही, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात. पुस्तक लागेलच. फोम पुस्तकाशेजारी ठेवा.

टेलिग्रामवर पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात, तेही फोमच ना?

ते फोम नाही, ती चोरी आहे. शिवाय आवृत्ती कुठली, पानं सगळी आहेत का, याचा पत्ता नसतो.

याच्याच जोडीला एक तक्रार. ग्रुपवर ईसीजी टाकताना वर पेशंटचं नाव, वय आणि आयपी नंबर ठळक दिसत असतो. अंगठा ठेवून फोटो काढलात तरी पुरे होतं. चेहऱ्याचे, जखमांचे फोटो तर विचारल्याशिवाय काढूच नका. पेशंट शिकवण्यासाठी दाखल झालेला नसतो.

आमच्याकडे रेंजच नाही.

पॉडकास्ट ॲपमध्ये वायफायवर भाग उतरवून ठेवा. मार्गदर्शिकांच्या पीडीएफ फोनमध्ये एका फोल्डरमध्ये, नावं मराठीत देऊन: 'साप', 'विंचू', 'औषध प्यायला', 'झटके'. रात्री तीनला लांबलचक इंग्रजी फाइलनेम वाचायचं त्राण नसतं. एमडीकॅल्क या वैद्यकीय कॅल्क्युलेटरचं ॲप आधी उघडून नोंदणी करून ठेवा, पेशंट समोर असताना ओटीपीची वाट बघू नका.

मी डॉक्टर नाही. घरी वडिलांना हृदयविकार आहे. माझ्यासाठी काही?

आहे, आणि तेवढं एकच पुरे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानं आलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत ठरवली. २०१७ साली 'इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया'त ती छापली, वाचायला फुकट. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास नीट चालत नाही: १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा, छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १२० च्या वेगानं, पाच-सहा सेंटीमीटर खोल, सरळ कोपरांनी दाबत राहा. तोंडानं श्वास द्यायची गरज नाही. खाली कडक जमीन हवी. गादीवर दाबलं तर गादीच दबते. घरात दुसरं कोणी असेल तर दोन मिनिटांनी हात बदला, आणि त्याला आधीच सांगा की दार उघडं ठेव आणि जिन्यातला दिवा लाव. गाडीतली माणसं अंधारात मजला शोधत बसतात.